खेळाडूचे हृदय : एका भीतीचा इतिहास

मॅरेथॉनची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. इराणी सैन्याचा पराभव झाला, ही वार्ता घेऊन एक ग्रीक धावपटू अथेन्सपर्यंत धावत आला, ‘आपण जिंकलो’ एवढे बोलला आणि गतप्राण झाला. इ.स.पू. ४९० मधली ही लढाई. तिच्यानंतर काही दशकांत लिहिणाऱ्या हिरोडोटसकडे मात्र ही गोष्ट नाही. त्याच्याकडे धावपटू आहे, पण तो लढाईच्या आधी मदत मागायला स्पार्टाला धावतो आणि जिवंत राहतो. धावत येऊन मरणारा दूत आपल्याला भेटतो तो प्लुटार्क आणि लुशियन यांच्या लेखनात, म्हणजे लढाईनंतर साधारण सहा शतकांनी. तरी लोकांच्या मनात राहिला तो मरणारा धावपटूच. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने जी शर्यत सुचवली, तिला त्याच्याच दंतकथेचा आधार होता.

धट्टाकट्टा तरुण खेळता खेळता मरतो, ही कल्पना माणसाला इतकी अस्वस्थ करते की ती घडली नसली तरी तिची गोष्ट होते. घडते तेव्हा तर विचारायलाच नको. गेल्या दीडशे वर्षांत वैद्यकाने या भीतीला दोन वेगवेगळी उत्तरे दिली. आधी सांगितले की खेळाने हृदय बिघडते. मग सांगितले की खेळाने बिघडत नाही, आधीपासून बिघडलेले हृदय खेळात उघडे पडते. या दोन वाक्यांमधला प्रवास वैद्यकाचा आहे, तसाच तो कायद्याचा, पैशाचा आणि हट्टाचाही आहे. मी डॉक्टर नाही. जुनी नियतकालिके, न्यायालयांचे निकाल आणि वैद्यकीय शोधनिबंध चाळण्याची सवय असलेला एक वाचक आहे. त्या चाळण्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

वल्हेकऱ्यांचा हिशेब

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधली नौकाशर्यत १८२९ साली सुरू झाली. चाळीसेक वर्षांत ती इंग्लंडची प्रतिष्ठेची शर्यत झाली आणि तिच्याबद्दलची कुजबुजही वाढली. ही मुले जिवाच्या आकांताने वल्ही मारतात, त्यांची हृदये कायमची दुखावतात, ती लवकर मरतात, असे लोक बोलू लागले. १८६७ मध्ये एफ. सी. स्के या नामांकित शल्यविशारदाने ‘टाइम्स’ला पत्र लिहून या शर्यतीवर कडाडून टीका केली आणि वाद पेटला.

या वादात जॉन एडवर्ड मॉर्गन या मँचेस्टरच्या डॉक्टरने पडावे हे ओघानेच आले, कारण तो स्वतः ऑक्सफर्डला वल्हे मारत असे. त्याने मते मांडली नाहीत, माणसे मोजली. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांचा त्याने शोध घेतला. जे हयात होते त्यांना पत्रे लिहिली, जे गेले त्यांच्या आप्तांकडे आणि मित्रांकडे विचारणा केली आणि विमा कंपन्या वापरतात तशा आयुर्मानाच्या कोष्टकांशी ताळा घातला. १८७३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ओअर्स’ या नावाने त्याचे पुस्तक आले. निष्कर्ष असा की वल्हेकरी अपेक्षेपेक्षा कमी जगले नव्हते, उलट सरासरी दोन वर्षे अधिक जगले होते. खेळाडूंच्या आरोग्याचा इतका नेटका हिशेब त्याआधी क्वचितच कोणी मांडला असेल. अर्थात विद्यापीठात शिकणारी मुले खात्यापित्या घरची होती, हा मुद्दा शिल्लक राहतोच.

पण हिशेबाने भीती जात नाही. १८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेन यांनी बर्फावरून घसरपट्ट्यांवर धावणाऱ्या शर्यतपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजाच्या फरकावरून हृदयाचा आकार ताडला. तो मोठा भरला. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या वल्हेकऱ्यांबाबत डार्लिंग यांनाही तसेच आढळले. ‘अ‍ॅथलीट्स हार्ट’ म्हणजे ‘खेळाडूचे हृदय’ हा शब्द इथून रूढ झाला. हेन्शेन यांचे स्वतःचे मत समतोल होते. मोठे हृदय अधिक काम करते आणि तेच शर्यत जिंकते, असे ते म्हणत. पण पुढची अनेक वर्षे बऱ्याच डॉक्टरांनी ‘मोठे’ या शब्दाचा अर्थ ‘आजारी’ असाच घेतला.

या समजुतीतून कसे सल्ले दिले जात, याचे उदाहरण म्हणजे क्लॅरन्स डीमार. १९११ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी डॉक्टरांना त्याच्या हृदयात खरखर ऐकू आली आणि धावणे सोडण्याचा सल्ला त्याला मिळाला. तो धावला आणि जिंकला. पुढे काही वर्षांच्या खंडानंतर तो परतला आणि ती शर्यत त्याने एकूण सात वेळा जिंकली. शेवटची १९३० मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी. १९५८ मध्ये तो कर्करोगाने गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या नेहमीपेक्षा दुपटी-तिपटीने रुंद आढळल्या. हा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या लेखकांमध्ये अमेरिकेतले विख्यात हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट होते. जुन्या भीतीचा तो जणू मृत्युलेखच होता.

शवागारातला शोध

योगायोग असा की डीमार गेला त्याच वर्षी, १९५८ मध्ये, दुसऱ्या भीतीचा जन्म झाला. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले डोनाल्ड टिअर हे मृत्यूचे कारण शोधणारे वैद्य होते. त्यांनी आठ जणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेक तरुण, बहुतेक अचानक गेलेले. या हृदयांमध्ये खालच्या दोन कप्प्यांमधली स्नायूची भिंत विचित्र जाड झाली होती आणि तिचे तंतू एकमेकांत गुंतून अस्ताव्यस्त पडले होते. आज आपण ज्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतो, त्या विकाराची आधुनिक ओळख इथून सुरू होते.

अस्ताव्यस्त तंतूंमधून विजेचा संदेश सरळ जात नाही. श्रमाच्या, उत्तेजनेच्या क्षणी ठोक्यांची लय तुटते, खालचे कप्पे आकुंचन-प्रसरण सोडून नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जाणे थांबते. माणूस काही सेकंदांत कोसळतो. त्याआधी तो मैदानावरचा सर्वांत चपळ खेळाडू असू शकतो. विकार बहुधा वंशपरंपरेने येतो. आई किंवा वडिलांकडे तो असेल तर प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी. १९९० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना त्याला कारणीभूत असलेला पहिला जनुकदोष सापडला.

यादी हळूहळू वाढली. १९८८ मध्ये इटलीतल्या पादुआचे गाएतानो थिएने आणि सहकाऱ्यांनी व्हेनेतो प्रांतातल्या पस्तिशीच्या आतल्या ६० आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास मांडला. त्यांतल्या १२ जणांच्या हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू साठलेले होते. काही जणांत हृदयाला रक्त देणारी रोहिणीच जन्मतः चुकीच्या जागेवरून निघालेली असते. बास्केटबॉलचा जादूगार म्हणून गाजलेला पीट मॅराविच १९८८ मध्ये चाळिसाव्या वर्षी खेळता खेळता कोसळला, तेव्हा कळले की त्याला डावी मुख्य रोहिणी जन्मापासूनच नव्हती. तशा हृदयावर तो दहा वर्षे व्यावसायिक सामने खेळला होता.

सगळ्यात चटका लावणारी हकीकत फ्लो हायमनची. सहा फूट पाच इंच उंचीची ही अमेरिकन व्हॉलीबॉलपटू १९८४च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेत्या संघात होती. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधल्या मात्सुए शहरात सामना सुरू असताना ती बदली होऊन बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. वय ३१. शवविच्छेदनात मार्फान सिंड्रोम निघाला. या विकारात शरीराचे जोडऊतक सैल असते. माणूस उंच होतो, हातपाय आणि बोटे लांब होतात आणि हृदयातून निघणारी महारोहिणी पातळ होत जाते. ज्या उंचीने तिला जाळ्याजवळ अजिंक्य केले, ती उंची आणि ती फाटलेली महारोहिणी एकाच कारणाची दोन फळे होती. तिच्या मृत्यूनंतर कुटुंबाची तपासणी झाली, भावालाही हाच विकार निघाला आणि शस्त्रक्रियेने तो वाचला.

इटलीचा कायदा आणि त्याचे टीकाकार

मग प्रश्न उभा राहतो : आधी तपासले तर?

इटलीने याचे उत्तर कायद्यात लिहिले. १९७१ मध्ये खेळाडूंच्या आरोग्यरक्षणाचा कायदा झाला आणि १९८२ मध्ये स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. प्रमाणपत्र नाही तर स्पर्धा नाही. २००६ मध्ये पादुआच्या दोमेनिको कोर्रादो आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे फलित मांडले. तिथल्या केंद्रात ४२,३८६ खेळाडू तपासले गेले, त्यांतल्या सुमारे ९ टक्क्यांना पुढच्या तपासण्यांसाठी पाठवले आणि शेवटी ८७९ जणांना, म्हणजे दोन टक्क्यांना, स्पर्धेतून थांबवले. १९७९-८० मध्ये दर लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ असे आकस्मिक हृदयमृत्यू होत. २००३-०४ पर्यंत ते ०.४ वर आले.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. एका प्रसिद्ध खेळाडूची गोष्टही त्यांच्या बाजूने साक्ष देते. १९९६ मध्ये नायजेरियाला ऑलिंपिक सुवर्ण जिंकून देणारा कर्णधार न्वान्क्वो कानू इंटर मिलान संघात दाखल झाला, तेव्हा तपासणीत त्याच्या महारोहिणीच्या झडपेत दोष आढळला. अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी तो मैदानावर परतला आणि नंतर आर्सेनलकडून लीग विजेतेपदे जिंकला. २००० मध्ये त्याने हृदयदोष असलेल्या आफ्रिकी मुलांवरील शस्त्रक्रियांसाठी प्रतिष्ठान काढले.

पण दुसरी बाजूही आकड्यांचीच आहे. इस्रायलनेही १९९७ मध्ये खेळाडूंची हृदयतपासणी सक्तीची केली. २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी वर्तमानपत्रांतल्या नोंदी धुंडाळून कायद्याआधीची बारा वर्षे आणि नंतरची बारा वर्षे यांची तुलना केली. आधीचा दर लाखामागे २.५४, नंतरचा २.६६. फरक शून्यच म्हणायचा. त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. कायद्याच्या लगतपूर्वीची दोनच वर्षे धरली असती, तर आपल्यालाही मोठी घट दिसली असती, कारण ती दोन वर्षे विशेष वाईट होती. रोख उघड होता. इटलीच्या हिशेबाची सुरुवातही फक्त दोन वर्षांवर उभी होती. इतक्या विरळ घटनांमध्ये चार-दोन मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी आलेखाचा उतार बदलतो.

तिसरा पुरावा इंग्लंडचा. १९९६ ते २०१६ या काळात तिथल्या व्यावसायिक क्लबांत दाखल होणाऱ्या ११,१६८ किशोर फुटबॉलपटूंची ईसीजी आणि सोनोग्राफीसह तपासणी झाली. ४२ जणांत जीवघेणा ठरू शकणारा विकार सापडला. हे तपासणीचे यश. पण पुढच्या काळात हृदयविकाराने गेलेल्या आठ जणांपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष आली होती. काही विकार सोळाव्या वर्षी दिसत नाहीत, विशीत उमलतात.

अमेरिकेने सक्तीचा ईसीजी स्वीकारला नाही. तिथे भर राहिला तो प्रश्नावलीवर : खेळताना कधी भोवळ आली का, छातीत दुखले का, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले का. लाखो मुलांचे ईसीजी वाचायचे तर कडक सराव करणाऱ्या निरोगी मुलांचे आलेखही ‘बिघडलेले’ दिसतात आणि खेळ विनाकारण सुटणाऱ्यांची रांग लागते, हा त्यांचा युक्तिवाद. डीमारला मिळालेल्या सल्ल्याची आठवण ठेवली तर तो पोकळ म्हणता येत नाही.

थांबवणार कोण?

विकार सापडला, की त्याहून कठीण प्रश्न सुरू होतो. हँक गॅदर्स हा लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. एकाच हंगामात देशात सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक रिबाउंड, असा दुर्मीळ पराक्रम त्याच्या नावावर होता. डिसेंबर १९८९ मध्ये तो सामन्यात कोसळला. ठोके अनियमित असल्याचे निघाले आणि औषध सुरू झाले. औषधाने खेळ मंदावतो अशी त्याची तक्रार होती. डोस कमी होत गेला. ४ मार्च १९९० रोजी एक सुंदर बास्केट करून तो मागे वळला आणि पडला, तो उठलाच नाही. वय २३.

तीन वर्षांनी बोस्टन सेल्टिक्सचा कर्णधार रेजी लुईस सामन्यात कोसळला. तज्ज्ञांच्या मोठ्या चमूने हृदयस्नायूचा गंभीर विकार असल्याचे सांगितले. त्याने दुसऱ्या रुग्णालयात मत घेतले. तिथे निदान सौम्य निघाले : साधी भोवळ, खेळू शकतोस. जुलै १९९३ मध्ये हलका सराव करताना तो गेला. वय २७. ज्याचे सारे आयुष्य खेळावर उभे आहे, त्याच्यापुढे दोन निदाने ठेवली तर तो कोणते निवडेल, हे सांगायला वैद्यकाची गरज नाही.

१९९६ मध्ये हाच प्रश्न अमेरिकेतल्या अपील न्यायालयात गेला. शाळेत असताना हृदय बंद पडून वाचलेला, शरीरात विद्युतझटका देणारे यंत्र बसवलेला एक मुलगा विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळू इच्छित होता. धोका मला ठाऊक आहे, तो मी पत्करतो, असे त्याचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने ते मानले. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. विद्यापीठाने पुरावे पाहून, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, सारासार विचाराने नकार दिला असेल तर न्यायालयाने त्यात पडू नये, असे ठरले.

नंतर वारे बदलले. यंत्र बसवूनही खेळत राहिलेल्या ३७२ खेळाडूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना खेळताना झटके बसले होते, पण मैदानावर मृत्यू एकही नव्हता. डॉक्टर आणि खेळाडू यांनी मिळून निर्णय घ्यावा, ही भाषा मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आली. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये जगासमोर कोसळलेला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन यंत्र बसवून जगला. इटलीच्या नियमांत त्या यंत्रासह खेळता येत नव्हते, म्हणून इंटर मिलानशी त्याचा करार संपला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्डकडून खेळू लागला. तेच हृदय, तोच खेळ. देशाची सीमा ओलांडली आणि ‘अपात्र’ माणूस ‘पात्र’ झाला.

२०१२चे २९ दिवस

तपासणीच्या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. ती समजण्यासाठी २०१२ मधल्या तीन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात.

१७ मार्च, लंडन. बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा सामन्यात कोसळला. जागेवरच छातीदाब सुरू झाला, विद्युतझटके दिले गेले, प्रेक्षकांत बसलेला एक हृदयतज्ज्ञ धावत मैदानात उतरला. हृदय ७८ मिनिटे बंद होते. तो वाचला.

२१ मार्च, बंगळुरू. जिल्हा लीगच्या सामन्यात एक तरुण खेळाडू कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. सहकाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून नेले. तो वाचला नाही.

१४ एप्रिल, इटलीतले पेस्कारा. लिव्होर्नोचा पिएरमारिओ मोरोसिनी कोसळला. जगातल्या सर्वांत कडक तपासणीच्या चाळणीतून तो गेलेला होता. रुग्णवाहिकेच्या वाटेत एक गाडी उभी होती. झटका देणारे यंत्र वापरले गेले नाही. वय २५. त्याच वर्षी इटलीने क्रीडा क्लबांना ते यंत्र ठेवणे सक्तीचे करण्याची तरतूद केली.

थरथरणाऱ्या हृदयावर उपाय दोनच : छाती दाबत राहायची आणि शक्य तितक्या लवकर विजेचा झटका द्यायचा. छाती दाबण्याची आजची पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कूवेनहोवेन आणि दोन सहकाऱ्यांनी मांडली. कूवेनहोवेन पेशाने विद्युत अभियंता होते. तिला लागतात फक्त दोन हात.

आपल्या मैदानांवर

आपल्याकडच्या आठवणीत ५ डिसेंबर २००४ ही तारीख आहे. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने दुसरा गोल केला, त्याच क्षणी गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो कोसळला. रुग्णालयात त्याला मृत घोषित केले. वय २५. डेम्पो त्याच्याच दोन गोलांवर विजेता ठरला आणि क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली. मैदानावरच्या तातडीच्या मदतीचा अभाव त्या चर्चेत ठळक होता. त्यानंतर आठ वर्षांनी त्याच शहरात ती रिक्षा धावली.

इटलीचा कायदा जसाच्या तसा आपल्याकडे आणावा, असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या मुलांची हृदये आपली वेगळी कहाणी घेऊन येतात. घशाच्या साध्या संसर्गातून होणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला, आपल्याकडे नाही. तो पकडायला बऱ्याचदा चांगला कान आणि स्टेथोस्कोप पुरतो आणि आवरायला पेनिसिलिनचे नियमित इंजेक्शन. दुसरीकडे, २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या कुमारसामी थंगराज यांच्यासह अनेक संशोधकांनी दाखवले, की हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेली माणसे भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के आहेत. हा फरक असणारा प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही. पुढच्या अभ्यासांनी चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. पण खेळाडूंचे ईसीजी वाचण्याचे निकष प्रामुख्याने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंवरून घडलेले असताना, आपली मुले आपणच मोजायला हवीत, एवढे यातून नक्की निघते. ते मॉर्गनचेच काम आहे : मत देण्याआधी मोजणे.

तोवर काय? आपल्या जिल्ह्यांत कबड्डीच्या मॅटवर, तालमीच्या मातीत, भरतीसाठी पहाटेच्या डांबरी रस्त्यावर हजारो मुले-मुली छाती फुटेस्तोवर मेहनत करतात. त्यांतल्या बहुतेकांची हृदये उत्तम आहेत आणि मेहनतीने ती आणखी उत्तम होतील. डीमारच्या रुंद रोहिण्या हेच सांगतात. भीती पसरवून कोणाचा खेळ बंद करण्याचे कारण नाही. पण पळताना एखाद्याला भोवळ आली तर ‘सकाळी खाल्लं नसेल’ म्हणून विषय संपवू नये. ‘घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?’ हा प्रश्न वस्तादाने किंवा क्रीडाशिक्षकाने एकदा तरी विचारावा. त्याला पैसे पडत नाहीत. ज्या घरात तसा मृत्यू झाला आहे, तिथल्या भावंडांची तपासणी व्हावी, जशी फ्लो हायमनच्या भावाची झाली. आणि स्पर्धा भरवताना मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे हार यांच्या यादीत झटका देणारे यंत्र, ते चालवणारा माणूस आणि मैदानाच्या फाटकापासून मोकळी ठेवलेली वाट, या तीन गोष्टी लिहाव्यात. पेस्काराला यंत्र होते, वाट नव्हती. बंगळुरूला गाडीच नव्हती. लंडनला दोन्ही होते, आणि ७८ मिनिटे मृत्यूच्या दारात असलेला मुलगा परत आला.